म्योईची वीत

मेकाँगच्या मुखाशी थोरल्या मुलाला 'दुसरा' म्हणतात.
पहिल्यावर कुणाचा तरी डोळा असतो म्हणे,
म्हणून पहिला मोजायचाच नाही.
त्या हिशेबानं नववी लेक झाली म्योई, म्हणजे दहा.
जन्मापासून एकानं चुकलेली बाई,
आणि तिच्याच शेतावर
मला मोजायला पाठवलं.

माझ्याजवळ हातभर प्लास्टिकची नळी,
बाजूंनी भोकं पाडलेली.
चिखलात रोवायची, आत डोकवायचं,
पाणी जमिनीखाली रेघेपर्यंत उतरत नाही
तोवर पंप लावायचा नाही.
म्योईनं रोपांची जुडी खाली ठेवली.
"भात तहानेनं मारायचं,
हे कुठल्या शाळेत शिकवतात?"

मी सांगितलं, पाण्याखाली चिखल गुदमरतो,
त्याचा वायू होतो, वर जातो, आभाळ तापवतो.
तिनं ऐकून घेतलं.
मग शेतात उतरली आणि टाच दाबली.
घोट्याभोवती बुडबुडे, बारीक, चिकार.
"हे होय? हे तर शेताचे ढेकर.
लहानपणी आम्ही यावर काडी पेटवायचो.
जेवलेलं शेत ढेकर देणारच.
तुमच्या सायगॉनमधल्या गाड्या काय उपाशी असतात?"

मी वहीत लिहिलं: शेतकरी तयार नाही.

त्या साली ईशान्येचा वारा लवकर वळला
आणि समुद्र नदीतून चालत
आमच्या घाटापर्यंत आला.
म्योई पहाटे ओंजळ जिभेला लावायची.
माझं यंत्र म्हणे, साडेतीन.
ती थुंकून म्हणे, परवा पुनव आहे, बघ.
पुनवेला यंत्र साडेचारवर गेलं.

खाऱ्या पाण्यावर फाटकं पडली.
कालव्यात उरलेलं गोडं पाणी
बारा घरांत वाटायचं ठरलं,
तेव्हा तिनंच नळी मागून घेतली.
"आभाळासाठी नाही," एवढं बजावून.

नळीत हात घातला
तर रेघ आणि तिची वीत
अगदी सारखी.
नऊ भावंडांत सगळ्यात आखूड हात,
भांड्याच्या तळाशी कधी न पोचलेला.
त्यानंतर तिनं रेघ पाहिलीच नाही.

जमिनीला केसाएवढ्या भेगा गेल्या.
रात्री बॅटरी घेऊन ती बांधावर बसे,
तापानं फणफणलेल्या पोराजवळ बसावं तशी.
भात पोटरीला आलं, निसवू लागलं,
आता पाणी तोडू नका, हे मी म्हणायच्या आत
तिनं पंप सुरू केला होता.
"बाळंतिणीला कुणी तहानेलं ठेवतं का?
एवढं तरी तुझ्या वहीत आहे ना?"
होतं. पान सतरा.

कापणीला आठ दिवस असताना अवकाळी वारं सुटलं.
ताम थिएतचं भात लोळलं, चटई अंथरल्यासारखं.
म्योईचं वाकलं, पण उभं राहिलं.
तिनं एक ठोंब उपटून मुळं मला दाखवली,
लांब, पांढरी, पाण्याच्या मागावर गेलेली.
बोलली काहीच नाही.

पेंढा यंदा पेटवला नाही.
भिजवून रचला, झाकून ठेवला.
बाराव्या दिवशी अळिंबी आली, राखाडी,
कोंबडीनं लपवलेल्या अंड्यांसारखी.
पंपाचं डिझेल तिच्यातून सुटलं.

मग न सोडलेल्या हवेचे पैसे देणारी कंपनी आली,
नळीचे फोटो काढून गेली.
पैसे यायचे आहेत.
"जे झालंच नाही, ते मोजतात कसं?"
म्योईनं विचारलं,
आणि मी शब्द जुळवत होते तोवर स्वतःच म्हणाली,
"आमच्या आईनं पहिला मोजला नव्हता.
तो काय नव्हता?"

निघताना तिनं मला शेताच्या मधोमध नेलं,
टाच दाबली, थांबली.
खूप वेळानं
एक बुडबुडा आला.

"हा तुझा," ती म्हणाली.
"लिहून घे."